रिकाम्या राज्याची पाळी

दुपारची जेवणं झाली की दानेश्वरी काकांकडून चावी घ्यायची, पाण्याचा कॅन उचलायची आणि अक्कलकोट रस्त्यालगतच्या बंद कारखान्यात जायची. काकांनी तो गोदामासाठी घेतला होता. पूर्वी तिथे टॉवेल विणले जात. माग भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पत्र्याखाली अजून तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास कोंडलेला असे. मे महिन्याच्या उन्हात तो जास्तच जागा होई.

आत फरशीवर खडूने राज्यं आखलेली होती. एक अंकिताचं, एक मंजुनाथचं, एक दानेश्वरीच्या चुलतभावाचं, म्हणजे सोमशेखरचं. चिंचोके म्हणजे प्रजा. आधी वर्षभर हे तिघे एका कल्पनेच्या खेळात तलवारी घेऊन गुहांमधून हिंडले होते, आणि दानेश्वरी त्यांना पुढे काय दिसतं, काय अंगावर येतं ते सांगत होती. मग त्यांना गाद्या मिळाल्या आणि भांडणं सुरू झाली. धान्य कुणी साठवायचं, विहीर कुणाची, दूत पकडला तर काय? मूळ खेळात याची धड उत्तरं नव्हती. म्हणून दानेश्वरीने घरचे नियम केले.

वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी जिची मान खाली जायची, ती इथे ताठ बसून नियम सांगायची. सगळे तिला तोंडपाठ होते. राजाने तोंडाने बोललं ते झालं, परत घ्यायचं नाही. दुष्काळात आधी विहीर, मग तटबंदी. सोमशेखरने एकदा अंकिताचा दूत कोंडून ठेवला तेव्हा अंकिता दोन दिवस खेळायला आली नव्हती. त्यावरून पाहुण्याचा नियम निघाला. परक्या राज्यात जो पाणी प्याला तो पाहुणा, त्याला कैद करायचं नाही. दिवेलागणीच्या आत यजमान राजाने स्वतः त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवायचं. तोवर नाही पोचवलं, तर पाहुणा कायमचा त्याच घरचा.

आणखी एक नियम तिने निव्वळ न्यायाच्या हट्टाने केला होता. नकाशाच्या कोपऱ्यात फरशीवर एक मोठा काळा डाग होता. पूर्वी तिथे माग असावा, तेल मुरलेलं होतं. खडू त्यावर उमटतच नसे. ते झालं काळं रान. राजा नाही, चिंचोके नाहीत.

"रिकामं असलं तरी राज्य आहे. त्याचीही पाळी येणार," ती म्हणाली होती. "त्याच्या पाळीला सगळ्यांनी गप्प बसायचं. काही बोलायचं असलं तर बोलू दे त्याला."

"लई न्यायी गं तू!" सोमशेखर हसला होता. "उद्या फरशीला मत द्यायला लावशील."

तेव्हापासून प्रत्येक फेरीत ते थोडा वेळ गप्प बसत. पत्रा तापून कडकडे, बाहेर एखादी रिक्षा जाई. बाकी काही नाही.

त्या दिवशी मात्र काळ्या रानाची पाळी आली आणि पत्राही वाजला नाही. रस्ताही गप्प. आणि मग कोपऱ्यातून आवाज आला.

खट्.

"माग..." मंजुनाथ पुटपुटला. त्याचे वडील कधीकाळी माग दुरुस्त करायचे. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"हितं कुटं आलाय माग? उंदीर असंल," सोमशेखर म्हणाला.

खट्... खट्.

"बघ की, मागायलंय काहीतरी," अंकिता डोळे मोठे करून म्हणाली. तिला मजा वाटत होती. "राजे, द्या काहीतरी."

सोमशेखर कोपऱ्याकडे वळला, हात जोडले. "काय पायजे बा तुला? ही राणी घेऊन जा. लई बडबड करती. दिली तुला!"

अंकिता खो खो हसली. चपला काढून, हातात पाण्याची बाटली घेऊन ती राणीसारखी डुलत गेली आणि डागाच्या मधोमध उभी राहिली. "आले बरं का सासरी!"

सगळे हसले. मग सोमशेखर म्हणाला, "बास, ये आता. माझी पाळी."

ती आली नाही.

"अंकी?"

"इथं थंड आहे," अंकिता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण सावकाश, दूरवरून यावा तसा. "पायांना किती बरं वाटतंय..."

सोमशेखरने पुढे होऊन तिचा दंड धरला आणि झटक्यात सोडला. "दानू, ही... गार पडलीय गं." त्याने दोन्ही हातांनी ओढलं, मंजुनाथनेही ओढलं. सडपातळ अंकिता खांबासारखी जागची हलली नाही. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. आपल्या शेजारी, साधारण खांद्याच्या उंचीवर, कुणाकडे तरी बघत होती आणि मधूनच मान हलवत होती.

"मी गंमत केली! परत घेतलं! दिली नाही, नाही दिली!" सोमशेखर ओरडला.

खट्, आवाज आला. या वेळी अगदी जवळून.

"परत घेता येत नाही," दानेश्वरी म्हणाली. तिचं डोकं लख्ख चालत होतं. ते जे कुणी होतं ते इतके दिवस गप्प बसून ऐकत होतं. त्याला नियम माहीत होते. मग नियमानेच बोलायचं.

"अंकिता, बाटलीतलं पाणी पी."

अंकिताने बाटली हळूहळू तोंडाला लावली. दोन घोट.

"ती काळ्या रानात पाणी प्याली. ती पाहुणी झाली," दानेश्वरी कोपऱ्याकडे बघून म्हणाली.

काहीच झालं नाही.

"तिथं राजाच न्हाय की," मंजुनाथ कुजबुजला. "यजमानच न्हाय तर तिला पोचवणार कोण?"

दानेश्वरीला ते आधीच कळलं होतं. फक्त उच्चारायचं धाडस होत नव्हतं. आता तिने श्वास घेतला.

"काळ्या रानाला आजपासून राजा आहे. मी मानते."

"दानू, नको!" मंजुनाथने तिचा हात धरला. "एकदा बसवलंस तर उठवणार कोण?"

"ते नंतर बघू. आधी अंकिता घरी जाऊ दे." तिचा आवाज पत्र्याखाली घुमला. वर्गातल्या कुणी तो ऐकला असता तर ओळखला नसता. "राजा, ही तुमची पाहुणी आहे. दिवेलागणीच्या आत तिला तिच्या दारात पोचवा. स्वतः."

तेलाचा वास एकदम दाटला, नाकातोंडात गेला. मग अंकिताचा उजवा हात थोडा पुढे झाला, कुणी बोट धरावं तसा. ती डागावरून उतरली, उघड्या तापल्या फरशीवरून अनवाणी चालत दाराबाहेर पडली. सोमशेखर मागे धावणार होता. दानेश्वरीने त्याला अडवलं. "मधे पडू नकोस. यजमानानंच न्यायचं."

अंकिताचं घर समोरच्या मैदानापलीकडे होतं. तिघं दारात उभे राहून बघत राहिले. उतरत्या उन्हात ती एकटीच चालत होती, पण एका बाजूला सरकून, शेजारी कुणाला तरी वाट देत. दार उघडलं. तिच्या आईचा पदर दिसला. अंकिता आत गेली.

सोमशेखर मटकन खाली बसला आणि रडायला लागला. दानेश्वरी मात्र हसली. जमलं होतं. तिने केलेला नियम त्यालाही पाळावा लागला होता. तिने फडकं ओलं करून नकाशा पुसला, चिंचोके पिशवीत भरले. कोपऱ्यातला डाग आता नुसता डाग वाटत होता. कुलूप लावताना भिंतीवर अजून हातभर ऊन होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अंकिताची आई.

"काकू, अंकिता बरी आहे ना?"

"बरी आहे की. जेवायलाच मागितलं आल्या आल्या. दानू, त्या म्हाताऱ्या बाई कोण गं? अंकिताला दारापर्यंत सोडायला आल्या."

दानेश्वरीने कुलूप घट्ट धरलं. "गेल्या ना त्या?"

"अगं, नको नको म्हणत होत्या. मीच बळंबळं आत घेतलं. एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला दारातनं कसं परत पाठवायचं? पाणी दिलं. तांब्या रिकामा केला बघ त्यांनी."

"काकू, ऐका." दानेश्वरी मैदानातून पळायला लागली होती. काळ्या रानाचा राजाच आता पाहुणा झाला होता, आणि यजमान अंकिता. "अंकिताला सांगा, त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन कारखान्यात ये. आत्ता! आणि दिवा लावू नका. मी येईपर्यंत देवाजवळ दिवा लावू नका!"

"मी कुठं लावतेय?" काकू हसल्या. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "त्यांनीच लावला की आत्ता. म्हणाल्या, इथून पुढं रोज मीच लावीन. आणि गंमत सांगू का... काडेपेटी कुठं असते, तेसुद्धा विचारलं नाही त्यांनी."