चंद्रावरचे निरोगी पाय

त्र्यंबकबुवा नेवरेकरांचा उजवा पाय उशीवर ठेवला होता आणि त्याचा अंगठा निळसर पडला होता. डॉ. म्हांबरे यांनी घोट्यावर नाडीश्रावक टेकवला. रक्ताची चाहूल ऐकवणारे ते छोटेसे यंत्र बराच वेळ नुसतेच खरखरत राहिले.

"आत काही वाजतंय का?" बुवांनी विचारले. "की टाळकरी उठून गेले?"

"एखादा आहे अजून," डॉक्टर म्हणाले. पण त्यांना हसू आले नाही.

चंद्रावरची तुंगवस्ती ही वृद्धांची वस्ती. इथे माणसाचे वजन सहावा हिस्सा उरते, त्यामुळे पृथ्वीवर काठी टेकणारे इथे हलक्या पावलांनी हिंडत. पायांच्या धमनीरोगाची तर वस्तीच्या नोंदीत एकही खूण नव्हती. चंद्र पायांना मानवतो, या भरवशावरच थकलेली माणसे इथे येत.

बुवांच्या मांडीतली धमनी मात्र जवळजवळ बुजली होती. आत जाळी बसवली की ती उघडली असती. जाळ्या पृथ्वीवरून येत, मोजक्याच येत, आणि भांडाराचे कुलूप निदान-संकेताखेरीज उघडत नसे. प्रत्येक रोगाला आणि त्याच्या प्रत्येक पायरीला संकेत ठरलेला होता. डॉक्टरांनी नोंद लिहायची, संकेतयंत्राने ती वाचून संकेत द्यायचा, आणि निदान-संकेतक उत्तरा ढवळीकरने तो तपासायचा.

"पुन्हा तेच, सर," उत्तरा पडद्याकडे पाहत म्हणाली. "धमनीरोग, लक्षणरहित. वेदना मज्जातंतूंची. जाळी नामंजूर."

"लक्षणरहित? मग हा अंगठा काय मी रंगवला?"

"यंत्र पायऱ्या बघतं. आधी चालताना पोटरी दुखते, उभं राहिलं की थांबते. पुढे निजल्यावर पाऊल ठणकतं, आणि पाय खाली सोडला की उतरतं. मग जखम, आणि मग पाय काढणं. बुवांना चालताना काहीच होत नाही. निजल्यावर ठणकतं, पण पाय सोडूनही उतरत नाही. पहिली पायरी वगळून दुसरीवर कोणी जात नाही, म्हणून यंत्र ही वेदना रक्ताची मानतच नाही."

डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "बुवा, चालताना पोटरी दुखते असं नुसतं म्हणालात तरी पुरे. नाहीतर पाय जाईल."

बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला. "याच तोंडानं देवाचं नाव घेतो हो. ते नका सांगू." मग म्हणाले, "खरं तेवढं सांगतो. कीर्तनाला उभा राहिलो की ठणका नसायचा. उत्तररंगात तर पाय चक्क ऊन लागायचा. नामाचा महिमा, दुसरं काय? तुम्ही कीर्तन बंद केलंत आणि तिथून हे वाढलं."

"बंद कुठे केलं? पायाला विश्रांती हवी, बसून करा म्हणालो."

"नारदाच्या गादीवर बसत नसतात, डॉक्टरसाहेब. बसायचं श्रोत्यांनी. आम्ही बसून बोललो तर त्याला गप्पा म्हणतात. त्यापेक्षा बंद बरं."

उत्तराचा हात पडद्यावर थबकला. "बुवा, कीर्तन गुरुत्वमंडपातच व्हायचं ना?"

"एवढी माणसं दुसरीकडे मावतात कुठे? कीर्तन सुटलं तसा मी तिथे उतरलोच नाही."

गुरुत्वमंडप म्हणजे वस्तीखालचे फिरते दालन. ते वेगाने फिरू लागले की आत पृथ्वीइतके वजन जाणवे. हाडे विरू नयेत म्हणून वस्तीकर रोज तिथे बसत. मंडप थांबलेला असताना आत शिरायचे, आपापली जागा घ्यायची, मग तो सुरू होई. फिरत्या जमिनीवर चालताना घेरी येते, म्हणून चालायला बंदी होती.

"सर, रक्तालाही वजन असतं," उत्तरा सावकाश म्हणाली. "पृथ्वीवर माणूस उभा राहिला की हृदयापासून पावलापर्यंतचा रक्ताचा स्तंभ स्वतःच्या भारानं खाली दाब देतो. धमनी बुजली तरी आजूबाजूच्या बारीक वाटांनी थोडं रक्त ढकललं जातं. इथे तो भार सहावा हिस्सा. म्हणून पाय खाली सोडून उपयोग होत नाही."

डॉक्टर खुर्चीत टेकले. "आणि हलक्या अंगानं चालताना पोटरीला कष्टच नाहीत. मग ती दुखेल कशाला? पहिली पायरी इथे दिसतच नाही." त्यांची नजर बुवांच्या अंगठ्यावर गेली. "कीर्तनात यांचं पाऊल जगत होतं. ते मी विश्रांतीच्या नावाखाली बंद पाडलं."

"पाडलंत खरं," बुवा म्हणाले. "आता उठवा तरी."

तिघे खाली उतरले आणि मंडप फिरू लागला. बुवा उभे राहिले, आणि काही वेळाने नाडीश्रावकात अगदी मंद, पण स्पष्ट ठोका वाजू लागला. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना चालवले. निम्मी फेरी होण्याआधीच बुवा वाकले. पोटरी दगडासारखी आवळली होती. डोळ्यांत पाणी होते आणि चेहरा प्रसन्न.

"दुखतंय हो, डॉक्टरसाहेब. खरंच दुखतंय. लिहा आता."

त्या नोंदीवर संकेत मंजूर झाला आणि जाळी बसली. अंगठ्याचा निळा रंग ओसरू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "म्हणजे महिमा नामाचा नव्हता, बुवा. वजनाचा होता."

"असेल. पण वजन घ्यायला मला तिथे उभं कोणी केलं?"

उत्तरा या बोलण्यात नव्हती. तिच्यासमोर वस्तीच्या साऱ्या नोंदी उघड्या होत्या, आणि प्रत्येकीत एकच वाक्य होते: चालताना वेदना नाही. त्या वाक्यावरून यंत्राने प्रत्येकाला निरोगी ठरवले होते. त्या निरोगी नोंदी पाहून पृथ्वीवरून आणखी माणसे आली होती. तिने पडदा डॉक्टरांकडे वळवला. त्यांनी तो वाचला आणि बुवांना पुढच्या कीर्तनाचा दिवस विचारला.

पुढच्या कीर्तनाला मंडप भरला आणि फिरू लागला. बुवा गादीवर उभे राहिले, नमन झाले, आणि पूर्वरंगाआधीच त्यांनी चिपळ्या थांबवल्या.

"आज एक रीत मोडणार आहे. आज तुम्ही बसायचं नाही. भिंतीच्या कठड्याला धरा, नाम घ्या आणि हळूहळू चाला. घेरी आली तर हा देवाचा पाळणा समजा. पोटरी धरली तर लाजू नका. तिथेच थांबायचं, बाकीच्यांनी पुढे जायचं."

"बुवा, कीर्तन म्हणायचं की कवायत?" मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. सगळे कठड्याला धरून निघाले.

थोड्याच वेळात एक आजी थांबल्या. मग त्यांच्या पुढचे गृहस्थ. हसणे विरत गेले. थांबलेल्यांना वळसा घालून जाणारे कमी कमी होत गेले. उत्तरा नावे टिपत होती. शेवटचे नाव लिहायला तिचा हात उचलेना, कारण गादीसमोर आलेले डॉ. म्हांबरे कठड्याला टेकून आपली पोटरी चोळत होते.

बुवांनी ते पाहिले. चिपळ्या त्यांनी थांबवल्या नाहीत. फक्त लय उतरवली, थांबलेल्यांनाही म्हणता यावे इतकी.