खळ्यातली रेती

देवेशच्या मनात वाईट असं काही नव्हतं हो. घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पेव्हर ब्लॉक घालायचे, एवढंच. देवबागला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये चिंचोळं गाव. घरच्या भाड्याच्या खोल्यांना पाहुण्यांची नुसती रीघ. सारवलेल्या खळ्यात पुण्याची माणसं खुर्च्या टाकून बसली की खुर्चीचे पाय रुतायचे, मग नाकं मुरडायची. दिवाळीनंतरचं बुकिंग भरलेलं, म्हणून त्याने ब्लॉक आणवले आणि काम गुरुदासला दिलं.

गुरुदासचं काम चोख. हातभर माती उपसली, खडी अंथरली, मशीन फिरवून ती दाबली, पाणी माडांकडे वाहील असा उतार काढला, कडेने सिमेंटची पट्टी ओतली. राहिली फक्त ब्लॉकांखालची रेती आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. खाडीतला उपसा बंद होता, डंपर येईना.

"आठ दिस दम धर मरे," गुरुदास म्हणाला. "रेतीशिवाय ब्लॉक बसाचे नाय."

दम धरला तर तो देवेश कसला! सुरूच्या बनापलीकडे किनाऱ्यावर एक जागा आहे. दात न आलेली पोरं गेली की त्यांना जाळत नाहीत, तिथे पुरतात. तिथली रेती बारीक, कोरडी, एकसारखी. देवेशचा स्वतःचा पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला, तो तिथेच निजलेला. देवेशने स्वतःच्या हातांनी ठेवलेला.

तिन्हीसांजेला हा गडी पिकअप घेऊन तिथे गेला. आणि ऐका, एवढी अक्कल मात्र मेल्याला होती, की आपल्या मुलाच्या आसपास त्याने फावडं लावलं नाही. लावलं ते लोकांच्या पोरांवर. वरचे धोंडे पायाने ढकलले.

"रेती ती रेती," तो स्वतःशीच म्हणाला. "तिका काय नाव आसता?"

रेती चाळून घेतली. चाळणीवर काय उरलं ते त्याने पाहिलं नाही. चाळण लाटेत झटकली आणि गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक बसले. गुरुदासने वरून मशीन फिरवलं, सगळं खळं थडथडलं. भर दुपारी मशीन बंद झालं, तरी खालची थरथर थांबेना. मग तीही थांबली आणि कुठूनतरी बारीक खोकल्यासारखा आवाज आला. देवेशची बायको रसिका आठ महिन्यांच्या संचिताला कडेवर घेऊन पडवीत उभी होती. तिचा ब्लाऊज अचानक पुढून भिजला. ती लाजून आत पळाली.

त्या दिवसापासून संचिताला दूध पुरेना. पोरगी छातीशी लागायची, ओढायची, किंचाळून तोंड काढायची. बाटली तोंडात धरायची नाही. मालवणच्या डॉक्टरने वजन बघून देवेशलाच झापलं. पोरीच्या मांड्यांवरची कातडी सैल पडत चालली. एक पोर गेलेलं, आता हेही जातं की काय?

तेवढ्यात ब्लॉकांवर पांढरे डाग फुटले.

"क्षार आसा तो," गुरुदास म्हणाला. "नव्या ब्लॉकांक येताच. पावसात जायत."

देवेशने डाग घासला आणि बोट नाकाशी नेलं. नासलेल्या दुधाचा वास... ब्लॉकांच्या फटींतून मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्याने कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार, कपाळ?

एका दुपारी तो बाजारातून परतला. ऊन असं की माडांच्या सावल्यासुद्धा बुंध्याशी गोळा झालेल्या. तापलेल्या ब्लॉकांवर रसिका मांडी घालून बसली होती. ब्लाऊज उघडा, मांडी रिकामी, आणि ती डुलत होती. इतकी सुखात त्याने तिला लग्नाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"रसिका... काय करतंस गो?"

"हळू बोला... आताच डोळो लागलो त्यांचो."

"कोणाचो?"

"तुमी गाडीत भरून हाडलात, त्यांचो."

देवेश पडवीच्या पायरीवर बसला. "उद्या उचलतंय सगळा," तो म्हणाला. "सगळी रेती नेवन टाकतंय थंय."

"खंय टाकतालात?" तिने शांतपणे विचारलं. "चाळणीत ऱ्हवला ता समुद्रात गेला. आता ती खंयची?"

हे तिला कोणी सांगितलं, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

"सगळ्यांची इली," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "आपलोच येवक नाय. त्येका एकट्याक थंय कित्याक ठेवलात? दुसरी होती तवसर बरा होता... आता एकटोच रडता तो."

आतल्या पाळण्याची कुरकुर ऐकू येत नाही, हे देवेशला तेव्हा कळलं.

"संचिता खंय?"

"दादाच्या सोबतीक ठेवलंय," चुलीवर भात ठेवलाय म्हणावं तसं ती म्हणाली.

तो अनवाणी धावला. सुरूच्या बनातून, काट्यांतून, पाय भाजत. मुलाच्या शेजारची रेती ताजी होती, हाताने थापून थापून सारखी केलेली. त्याने नखांनी उकरायला घेतलं. तोंडातून देवाचं नाव आणि शिव्या दोन्ही येत होत्या. कोपराएवढं खोल गेल्यावर बोटांना मऊ पाऊल लागलं.

पोर जिवंत होतं! डोळे उघडे, रडणं नाही, नाकातोंडात रेतीचा कण नाही, ओठांच्या कडेला दूध. देवेश हमसाहमशी रडला. तिच्या पोटात तोंड खुपसून रडला. "रवळनाथा, राखलंस रे," म्हणत तिला उराशी घट्ट धरून घरी आला.

रसिकाने पोर हातात घेतलं. बाजारात मासा उलटासुलटा करून बघतात, तसं बघितलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"ह्या आपला न्हय."

"येडी झालंस काय गो? आपली बाय ही!"

"बदलून हाडा," ती ब्लाऊजची बटणं लावत म्हणाली. "काळोख पडाच्या आदी."

देवेशने पोरीचं तोंड उन्हाकडे वळवलं. तेच नाक, तेच जावळ. गणपतीत सोनाराने तिचे कान टोचले होते, तेव्हा देवेशनेच डोकं धरलं होतं. तिच्याबरोबर तोही रडला होता. त्याने जावळ मागे सारलं. कानात बाळी नव्हती. भोकही नव्हतं. दोन्ही पाळ्या गुळगुळीत, कधी सुई न लागलेल्या.

पोराने त्याच्या खांद्यावर गाल टेकला, त्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत घेतली आणि डोळे मिटले. देवेशने ती मूठ सोडवायला घेतली. एकेक बोट उचलून पाहिलं. सुटेना.