डाव्या बाजूचं दार

भंगाराच्या आवारात माझ्या जीपला बसेल असं डावं दार एकच होतं, आणि त्याचं दुसरं टोक एका अनोळखी माणसाच्या हातात होतं.

"मी आधी पाहिलं," मी म्हणाले.

"मी आधी उचललं," तो म्हणाला. मग माझ्या भाजलेल्या बोटांकडे त्याची नजर गेली. "पण… सोडतो. एका अटीवर. याचा पुठ्ठ्यावर साचा काढू द्यायचा. माझीही अशीच जीप आहे, तिला मी घरीच पत्रा वळवून दार बनवीन."

"घरी? दार?"

"तुम्ही काय घरी भाकड गप्पा मारून बोटं भाजलीत?"

अट मान्य केली. रविवारी या म्हटलं.

मी गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या दवाखान्यात मी स्वतःहून जागा मागितली होती, आणि एक तारखेला स्वतःच्या गाडीनिशी रुजू झाले नाही, तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. गाडी म्हणजे बाबांची जुनी जीप. तिच्या डाव्या दाराखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. बाबा म्हणाले, गॅरेजात टाक. मी म्हटलं, गाईचं पोट शिवते, पत्रा काय मोठा. तीन रविवार घालवून जुना पत्रा कापला, नवा वेल्डिंगनं जोडला, घासून गुळगुळीत केला. दार लावायला गेले तर ते लागेना. बोटभर अडत होतं. दारच वाकलंय, असं मी ठरवून टाकलं.

तो रविवारी आला, पुठ्ठा, कात्री आणि कानावर पेन्सिल घेऊन. शाळेत चित्रकला शिकवत होता. मी त्याला मास्तर म्हणू लागले, तो मला डॉक्टर. भंगारातलं दार आम्ही दोघांनी मिळून बिजागरीवर चढवलं.

तेही लागेना. तेवढंच, बोटभर.

मास्तरनं दाराखालच्या नव्या पत्र्यावरून हात फिरवला. मग उकिडवा बसला. "हा पत्रा बदलताना दार कुठं होतं?"

"काढून भिंतीला टेकवलेलं."

"आणि खालून गाडीला टेकू?"

"कसला टेकू?"

"हं… म्हणजे माझ्यासारखंच." त्यानं समजावलं. तो पत्रा कापला की गाडी मधोमध खचते, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून खालून टेकू द्यायचा, दार जागेवर लावून बंद करायचं, आणि मगच नवा पत्रा जोडायचा. दाराचा काही दोष नसतो.

"हे ठाऊक होतं, तर भंगारात दार कशाला शोधत होता?"

"दोन महिन्यांचं काम कापायचं जिवावर आलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, निदान माझ्या बाबतीत तरी दाराचीच चूक निघेल."

खिडकीतून बाबांचा आवाज आला. "नाचता येईना, अंगण वाकडं. दोघांचंही."

अकरा दिवस उरले होते. मला रडू आलं, तेही परक्या माणसासमोर. त्यानं ग्राइंडर उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी माझे तीन रविवार कापून काढले.

मग तो रोज शाळा सुटली की येऊ लागला. जॅक लावून आम्ही गाडी केसाकेसानं वर उचलली. तो आत बसून दार ओढून धरायचा, मी बाहेरून टाके मारायची.

"माझ्याकडे बघू नका, डोळे जातील," मी म्हटलं.

"ठिणगी विझल्यावर बघतो."

"तेव्हा मी मुखवटा काढलेला असतो."

"म्हणून तर…"

पुढचा टाका जरा वाकडा पडला. तो मी घासून काढला नाही.

नवव्या दिवशी जीपचं मूळचं दार लागलं. एकच आवाज, खट्. बाबांनी ते चारदा उघडून लावून पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवायला गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण चहा गार होईपर्यंतच टिकला.

निघायच्या सकाळी मास्तर आला. जीपला रंग नव्हता, नुसता राखाडी अस्तराचा हात होता. भंगारातलं दार भिंतीशी उभं होतं.

"हे तुम्ही न्या," मी म्हणाले.

"दोघांनाही नको असलेली वस्तू मी का नेऊ?"

"मास्तर, मला तुम्ही आवडता. हे सांगायला माझ्याकडे आणखी रविवार नाही, म्हणून आत्ताच सांगते."

तो कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवत राहिला. मी किल्ली चाचपली. आता निघावं, असं वाटलं.

"मी काल माझा पत्रा कापला," तो म्हणाला. "सगळा. पण… आत बसून दार धरायला माणूस नाही."

"बाबांना सांगा. मोकळेच असतात."

"त्यांना विचारलं."

"मग?"

"म्हणाले, मला काय विचारता, तिला विचारा. दाराचं काय, आणि पुढचंही काय ते."

बाबा खिडकीतून एकदम दिसेनासे झाले.

"पुढच्या रविवारी खाली येते," मी म्हणाले. "तोवर एकही टाका मारू नका."

"नाही मारणार. टेकू देऊन, दार लावून ठेवतो."

मी आत बसले आणि हात लांबवून डावं दार ओढलं. ते पहिल्याच खेपेला लागलं.