डबिंगच्या खोलीतले काका

काम तसं साधंच होतं हो. डबिंगच्या स्टुडिओत ताई रेकॉर्डिंग करायच्या. कलाकाराची वाक्यं टिपायची आणि वाक्यांमधले श्वास कापून टाकायचे. तेव्हा एक जपानी अ‍ॅनिमे मालिका चालू होती, माणसं आणि रक्त पिणारे व्हॅम्पायर यांच्या वैराची. व्हॅम्पायरला आवाज द्यायला एक काका यायचे. मृदू बोलायचे, चहावाल्यालाही अहो-जाहो करायचे. पण त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कापायला श्वासच सापडेना!

हा माणूस श्वासच घेत नाही, खराच व्हॅम्पायर आहे, हे ताईंनी ओळखलं. मग त्यांना घरी अंथरुणाला खिळलेली लेक आठवली. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते.

शेवटचा भाग संपला त्या संध्याकाळी त्यांनी सरळ विचारलं, "काका, माझ्या पोरीला तुमच्यासारखं कराल? जगेल तरी."

काका म्हणाले, "होकाराशिवाय मी कुणाला दात लावत नाही, ताई... नकार असताना लावले, तर आमचाच जीव जातो. तिला विचारलंत?"

विचारलं कुठं होतं! काका आत असतानाच ताईंनी बाहेर येऊन खोलीला कडी घातली. काम संपलं होतं, आता तिकडे कुणी फिरकणार नव्हतं. भिंती अशा, की आतलं ओरडणंही बाहेर येऊ नये. भुकेपोटी तरी दात लावतील म्हणून काकांना त्यांनी उपाशी ठेवलं. हेडफोन लावला की विनवण्या ऐकू यायच्या. ताई ढसाढसा रडायच्या. पण कडी काही काढली नाही. आईचं काळीज, दुसरं काय!

मग एके दिवशी लेकीला उचलून आणलं. मालिकेतला आवाज भेटणार म्हणून पोर हरखली होती. तिला आत बसवून, पुन्हा कडी लावून, ताई काचेपलीकडे आल्या.

काका भिंतीला चिकटून उभे होते. "बाळ... तुला माझ्यासारखं व्हायचंय?"

"नको, काका. तुम्ही किती दमलाय... आई, घरी जाऊ या."

ताईंनी माइकचं बटण दाबलं. "तिचं ऐकू नका. घ्या!"

"नको म्हणाली ती... मी नाही..."

पुढचं बघवेना म्हणून ताईंनी आतला दिवा घालवला. हेडफोनमध्ये खुर्ची सरकली. पोर एकदाच किंचाळली. कुणीतरी धपकन पडलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई, दार उघड." पोरीचा आवाज, अगदी खणखणीत. "काका उठतच नाहीयेत... आणि मला खूप भूक लागलीय."

कित्येक महिन्यांत पोरीनं भूक लागली असं म्हटलं नव्हतं. ताईंचे डोळे भरून आले. धावत जाऊन त्यांनी कडी काढली.