पुढच्याला ओलांडायचं नाही

चेरोप घसरली ती थेट किमेलीच्या पायांपाशी. डोंगरावरच्या इटेन गावाच्या वरच्या रस्त्यावर लाल चिखल होता, धुकं होतं, आणि तिच्या तोंडात माती गेली होती.

"पळायला आलीस की मका पेरायला?" वरून आवाज आला.

"हात देणार आहेस, की नुसते दात दाखवणार?"

त्याने हात दिला. त्याच्या कानाच्या पाळीला पावसाचा एक थेंब लोंबत होता. तो पडेपर्यंत आपण बघत राहिलो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

किमेली धावपटूंच्या कॅम्पमध्ये बायकांपुढे वेग धरून पळायचा. वारा त्याने छातीवर घ्यायचा, मागचीने त्याच्या पाठीला चिकटून राहायचं. कॅम्पच्या कोचने त्याला चेरोपपुढे लावलं. संघनिवडीच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आली तर ती संघात; नाही तर कॅम्पमधली तिची खाट दुसरीला. आणि खाली केरिओच्या खोऱ्यातल्या तिच्या गावी तिचं म्हणावं असं आता कोणी उरलं नव्हतं.

म्हणून ती रोजच शर्यत असल्यासारखी पळायची, आणि रोज कोसळायची.

"आज हळू पळायचा दिवस," किमेली म्हणाला. "आज पुढच्याला ओलांडायचं नाही. इथला नियम आहे."

"आणि पुढचा गोगलगाय असला तर?"

"तर त्याची पाठ बघायची. वाईट आहे का?"

"पाठ ठीक आहे... कान मोठे आहेत."

सगळा घोळका हसला. पण ती त्या दिवसापासून थांबायला शिकली. शरीर दमताना झिजतं आणि विसावताना घडतं, हे तिला श्वासावरूनच कळू लागलं. ज्या चढावर ती पूर्वी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तिथे आता ती किमेलीला टोमणे मारत चढायची.

मग एका सकाळी ओल्या मातीत तिला त्याची पावलं दिसली. उजवं खोल. डावं नुसतंच टेकलेलं.

"कधीपासून दुखतंय?"

"काय?"

"डाव्या टाचेमागची शीर."

"पाठ बघ म्हणालो होतो, पावलं नाही."

"थोडे दिवस थांब ना, किमेली."

"थांबलो तर तुझ्यापुढे दुसरा कुणी पळेल."

"पळू दे की."

तो वाकून बुटाची नाडी आवळू लागला. "मला... नाही चालणार ते."

पुढच्या हळू दिवशी चेरोप स्वतःच सगळ्यांच्या पुढे गेली आणि इतकी सावकाश पळाली, की मागे कुरकुर सुरू झाली. "अगं, गाढवं पुढे गेली आपल्या!" पण नियम तो नियम, तिला कुणी ओलांडलं नाही. किमेलीही नाही. त्याला कळलं होतं. एरवी त्याने तिला गोगलगाय म्हणून चिडवलं असतं.

पण गुरुवारी वेगाने पळायचं असायचं. त्या दिवशी तिच्या हातात काही नव्हतं.

मक्याच्या शेताजवळच्या चढावर वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला. किमेली खाली बसला. चेरोप थबकली.

"थांबू नकोस! पळ, चेरोप!"

ती पळाली. समोर कुणाचीच पाठ नव्हती, होता तो नुसता वारा. ती वळून परत आली तेव्हा त्याला गाडीतून नेलं होतं. चिखलात त्याचा एक बूट तेवढा उरला होता.

चालता येईल, डॉक्टरांनी सांगितलं. पळण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

निवडीच्या दिवशी एल्डोरेटला ती सुरुवातीपासून पुढे राहिली. वारा तिने स्वतःच्या छातीवर घेतला. इतक्या वेगात ती आयुष्यात कधी पळाली नव्हती. शेवटच्या वळणावर एक जण पुढे गेली, मग दुसरी. रेषेच्या अगदी अलीकडे तिसरी.

चौथी.

मैदानाच्या फाटकाबाहेर किमेली कुबडीवर उभा होता. काखेत भोपळ्याचा तुंबा, त्यात मुर्सिक, घरोघरचं आंबवलेलं दूध.

"चौथी आले रे," ती म्हणाली.

"बघितलं. कुणाच्या पाठीशिवाय पळालीस."

"हे जिंकून येणारीला पाजतात."

"घरी येणारीला पाजतात."

"तेही घरच्यांनीच पाजायचं असतं, किमेली."

"म्हणून तर..." तो तुंब्याकडे बघत राहिला. "म्हणून तर मी आणलंय."

ती प्यायली. आंबट, धुराच्या वासाचं. उद्या तिची खाट जाणार होती. त्याचं पळणं तर गेलंच होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

गाड्यांच्या तळापर्यंत चढ होता.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मला वेळ लागेल."

ती हलली नाही. "आज हळू पळायचा दिवस आहे."

कुबडी टेकत तो निघाला. चेरोप त्याच्या मागे चालू लागली, एक पाऊल राखून.

"कान अजून मोठेच आहेत," ती म्हणाली.