जोडीतला गळा

सम्मेद मगदूमने हनुवटी छताकडे धरून तिसऱ्यांदा ‘आ’ लावला. नसीमआपांनी त्याच्या गळ्यावरची कंठपट्टी अंगठ्याने हलकेच दाबली, कान जवळ नेला आणि नाक मुरडलं. सकाळचे नऊ वाजले होते. संध्याकाळी पाचला सांगलीच्या मैदानावर सम्मेदचा पहिला एकट्याचा जलसा होता, तीस हजार तिकिटं संपली होती, आणि आपा काही खूश दिसत नव्हत्या.

मिरजेच्या त्या गल्लीत आपांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवले होते. तंबोऱ्याची तार घोडीवर नेमकी टेकावी, सूर गोल आणि भरलेला यावा, म्हणून तारेखाली सुती दोरा सरकवत बसायचं. ह्याला जवारी काढणं म्हणतात, आणि ते काम कानाचं असतं. तंबोऱ्यांचे दिवस सरल्यावर आपांनी तोच कान गळ्यांना लावला. कंठपट्टी दिसायला जखमेवरच्या चिकटपट्टीएवढी. गाणारा सूर लावायला जातो, त्याच्या आधी क्षणभर गळ्याचे स्नायू हलतात. पट्टीला ते कळतं, आणि स्नायू चुकीच्या वाटेला निघाला असेल तर ती त्याला बारीकसा विजेचा स्पर्श करून वाटेवर आणते. गातो माणूसच, पट्टी नुसतं बोट धरते. पट्ट्या बनवणारी कंपनी मोठी होती, तिच्याकडे इंजिनिअरांची फौज होती. पण पट्टी गळ्याला जुळवायची वेळ आली की नामांकित गायकसुद्धा निमूटपणे मिरजेची वाट धरायचे.

यंत्रं एव्हाना सगळंच गात होती, आणि इतकं गोड गात होती की लोकांना त्याचा वीट आला होता. आता लोक पैसे मोजत ते फक्त खऱ्या गळ्यासाठी. त्यासाठी ‘मानवी कंठ’ नावाचा शिक्का असे. एक माणूस, एक गळा, आणि गाणं लोकांच्या डोळ्यांदेखत थेट झालेलं. आजच्या जलशानंतर पट्टीतली नोंद तासाभरात पाठवली की सम्मेदला तो शिक्का कायमचा मिळणार होता.

आणि सम्मेदला तो हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. ‘जंक्शन’ हा मिरजेच्या पाच पोरांचा बँड महाराष्ट्रात गाजला तेव्हा चाहते स्वतःला त्यांचे ‘प्रवासी’ म्हणवून घेत. गायचा तो विरुपाक्ष कोरे. सम्मेदच्या वाट्याला दोन कोलांटउड्या आणि ‘हेय हेय’. मग विरूच्या गळ्यात गाठी झाल्या, शस्त्रक्रिया झाली, आवाज गेला आणि बँडही मोडला. बाकीचे तिघे नोकऱ्यांना लागले. सम्मेद एकटा उभा राहिला तेव्हा लोकांनी भरपूर करमणूक करून घेतली. आता हा एकटा गाणार काय, हेय हेय? हे त्याच्या आईनेही विचारलं, तेही त्याला जेवायला वाढताना.

मग तीन आठवड्यांपूर्वी सकाळच्या थेट रियाजातच ‘सायकल घे’ आलं. गाणं साधंच होतं, पण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी सूर जो वर चढायचा आणि तिथे मोकळ्या हवेत उभा राहायचा, तो ऐकून भल्याभल्यांनी हातातली कामं टाकली. रिक्षात तेच, लग्नाच्या वरातीत तेच. सम्मेद रोज सकाळी अकराला थेट रियाज दाखवायचा, तो बघायला आता लाखावर माणूस जमायचं. एकच खोड होती. मंगळवारी तो वरचा सूर लागायचा नाही. मंगळवारी सम्मेदचा आवाज उपास करतो, असं प्रवासी कौतुकाने म्हणायचे.

“मंगळवारचं कोडं सुटलं,” आपा म्हणाल्या. त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक सम्मेदचा गळा काय करायला निघाला ते दाखवणारी, दुसरी पट्टीच्या स्पर्शांची. “स्पर्श आधी होतोय आणि तुझा गळा नंतर हलतोय. पट्टी तुला सुधरवत नाही बेटा. कुणीतरी दुसरं तुझ्यात गातंय.”

सम्मेद हसला. मग आपांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

चूक आपांची होती आणि ती त्यांनी सरळ कबूल केली. बँड असताना पाचांच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असत, म्हणून पाच गळे एकसाथ वळत. सम्मेदची पट्टी एकट्यासाठी जुळवायला घेतली तेव्हा आपांनी शेजारी विरूची पट्टी ठेवली होती. त्यांच्या घरात जोडीतला तंबोरा कधी एकटा लावत नाहीत. दुसरा शेजारी हवाच, नाहीतर लावलेला सूर खरा मानत नाहीत. हातांनी आपलं नेहमीचं काम केलं आणि दोन पट्ट्यांची जोड तशीच राहिली. मग विरूची पट्टी विरूकडे परत गेली आणि जोड नेटवर्कवरून चालत राहिली.

“पण विरूला आवाजच नाही,” सम्मेद म्हणाला.

“आवाज नाही. गळा आहे.”

आपांनीच विरूच्या घरून ही माहिती काढून घेतली होती. स्नायू वाळू नयेत म्हणून डॉक्टरांनी विरूला रोज पट्टी लावून मुक्याने गायला सांगितलं होतं. गाण्यासाठी तो सम्मेदचाच अकराचा रियाज लावायचा. त्याची सांगलीला हळदीची पेढी होती; मंगळवारी सौदे असतात, तेव्हा ती सोडून बसता येत नाही. आपला गळा सम्मेदला जोडलेला आहे, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं.

“पहिल्या आठवड्यात स्पर्श दांडगे होते, आता बारीक झालेत,” आपा पडद्याकडे बघत पुटपुटल्या. पण सम्मेदचं तिकडे लक्ष नव्हतं.  रिक्षात वाजणारं ते, वरातीत वाजणारं ते, त्याचं नव्हतंच तर. एक बटण दाबलं की जोड तुटेल, आपा म्हणाल्या. मग आज जे काय होईल ते निखळ त्याचं. दाबू? सम्मेद म्हणाला, थांबा, आधी त्याला भेटून येतो.

सांगलीच्या वाटेवर त्याने रागवायचा भरपूर सराव केला. काय काय बोलायचं ते ठरवलं, उलटसुलट घोळवलं. पेढीच्या मागच्या अंगणात विरू हळकुंडांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. हात कोपरापर्यंत पिवळे, सदरा पिवळा, आणि गळ्यावरची पट्टीसुद्धा पिवळीधमक. सम्मेदला बघून तो उठला, त्याला मिठी मारली आणि ह्याचाही शर्ट पिवळा करून ठेवला. कुजबुजीपलीकडे त्याला आवाज उरला नव्हता. त्या कुजबुजीत त्याने विचारलं की आज जलसा असताना तू इथं काय करायलाइस.

सम्मेदने सगळं सांगितलं. आपांच्या घरची रीत, राहिलेली जोड, मंगळवार. विरू ऐकत राहिला. त्याचा हात हळूहळू गळ्यावरच्या पट्टीकडे गेला.

“म्हणजे ते वरचं,” तो म्हणाला, “ते मी गायलोय?”

“व्हय.”

“लोकांनी ऐकलं?”

“तीन कोटींनी.”

विरू खाली बसला, हळकुंडांवरच बसला. दोन वर्षं ह्या माणसाने गाणं म्हणून काही केलं नव्हतं, फक्त औषधासारखं ओठ हलवले होते. तो लहान पोरासारखा हसत सुटला आणि त्या हसण्यालाही आवाज नव्हता. सम्मेदला घोळवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. ह्या माणसाच्या गळ्यावरची पट्टी काढ म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? राग होता, अजूनही होता, पण तो काढायला जागाच सापडेना. म्हणून मग त्याने जे करायचं नव्हतं तेच केलं. चल म्हणाला, उठ, कपडे बदलू नकोस, असाच चल.

मंचामागे आपांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की लोकांना सांगणार का. सांगणार, सम्मेद म्हणाला. मग शिक्का जाईल, आपा म्हणाल्या. जाऊ दे, सम्मेद म्हणाला.

पाच वाजता ऊन अजून मैदानावर होतं. सम्मेद मंचावर आला तेव्हा तीस हजार माणसांच्या आवाजाने फळ्या थरथरल्या. पहिली चार गाणी त्याने मधल्या सुरांतली घेतली आणि कोलांटउड्याही मारल्या. त्या मारल्या नसत्या तर लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. सगळीकडे हात वर, हातात फोन, जो तो हे घरच्यांना थेट दाखवायच्या खटपटीत. मग त्याने वाद्यं थांबवली आणि विरूला हाताला धरून पुढे आणलं.

“‘सायकल घे’ मधला वरचा सूर माझा नाही,” तो म्हणाला. “ह्याचा आहे. मला आज सकाळी कळलं, तुम्हाला आत्ता सांगतोय.”

कसं, तेही त्याने चार वाक्यांत सांगितलं. मैदान गप्प झालं. इतकं गप्प की लांबच्या भेळेच्या गाडीवरचा डाव पातेल्यावर आपटलेला ऐकू आला. सम्मेदला वाटलं, संपलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका मुलीचा बारीक आवाज आला, “हेय, हेय.” तिच्या शेजारणीने तो उचलला, मग रांगेने, मग अख्ख्या मैदानाने. बँडच्या दिवसांतले त्याचे सगळे मिळून दोन शब्द, तीस हजार माणसं त्याला परत म्हणून दाखवत होती. ढोलकीवाल्याने वाट बघितली नाही, त्याने ठेका धरला.

पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. विरू शेजारी डोळे मिटून उभा होता, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, पिवळी पट्टी उन्हात चमकत होती. तिसरं कडवं आलं. सम्मेदने श्वास घेतला आणि स्वतःला सोडून दिलं. हा सूर आपला नाहीच म्हटल्यावर जपायचं काय? सूर वर गेला. नेहमीपेक्षा वर गेला, तिथे थांबला, आणखी थांबला, आणि खाली मैदानात लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागले. असं गाणं सम्मेद जन्मात गायला नव्हता. 

तो मंचामागे आला तेव्हा घामाने निथळत होता. आपा पडदा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी त्याला कनातीच्या आडोशाला ओढलं.

“जोड लागलीच नाही,” त्या म्हणाल्या. “तीस हजार फोन एका मैदानात. नेटवर्क पाचच्या आधीच झोपलं होतं.”

सम्मेदला कळेना. पडद्यावर त्याच्या गळ्याची रेघ झोकात वर गेली होती, आणि स्पर्शांची रेघ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सपाट होती. विरूच्या पट्टीतून काही आलं नव्हतं. सम्मेदच्या स्वतःच्या पट्टीलाही कुठे हात लावावा लागला नव्हता.

“मग तो सूर कुणाचा?”

“तुझा. तीन आठवड्यांत त्याने तुझ्या गळ्याला वाट दाखवली असेल. पण आज तू एकटाच गेलास.”

आनंदाने त्याला ओरडावंसं वाटलं. मंचावर परत पळत जावं आणि सगळ्यांना सांगावं, आईला तर आधी सांगावं. माझा होता, माझाच होता. त्याने आपांचे हात धरले, तोंड उघडलं, आणि कनात बाजूला सारून विरू आत आला. त्याच्या गालांवरच्या हळदीतून आसवांच्या वाटा झाल्या होत्या. बाहेर मैदान अजून विरूचं नाव घेऊन ओरडत होतं. त्याने सम्मेदच्या गळ्यात हात टाकला.

“आज मीच दचकलो रं,” तो कुजबुजला. “एवढ्या वर मी बँडमध्येसुद्धा गेलो नव्हतो. लागला की नाही?”

सम्मेदने आपांकडे पाहिलं. आपांनी पडदा पोटाशी उलटा धरला.

“लागला,” सम्मेद म्हणाला.

“उद्या अकराला?”

“अकराला. आणि मंगळवारी सुट्टी.”

विरू बिनआवाजाचं हसला. आपा घड्याळाकडे बघत होत्या. नोंद पाठवली तर शिक्का सम्मेदचा, पण मग ती सपाट रेघ जगजाहीर होणार, ती विरूही बघणार. नाही पाठवली तर आज मंचावर सांगितलेलंच खरं ठरणार आणि सम्मेद जन्मभर अर्धा गायक राहणार. तासातली वीस मिनिटं केव्हाच गेली होती.

“बेटा,” आपांनी हळूच विचारलं, “पाठवू?”

विरूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचा पिवळा हात अजून सम्मेदच्या खांद्यावरच होता.

“काय पाठवायचंय?” त्याने विचारलं.