तेविसाव्या ओळीतले इतर

दुपारचे दोन वाजले असतील. नातीनं कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, जरा ठिपके बघा."

ठिपके बघणं हे आमच्या घरातलं माझं काम. मी शाळेत गेलेलो नाही. प्रयोगशाळेत शिपाई होतो. बाटल्या पुसता पुसता त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांतली अक्षरं ओळखीची झाली, तेवढंच शिक्षण. अजूनही मी एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचतो. असं वाचणाऱ्याच्या हातून पूर्णविराम सुटत नाही.

नातीचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे जायचा होता. त्याच्या शेवटी संदर्भांची यादी, एक्केचाळीस ओळी. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, मग कंसात वर्ष. सगळ्या ओळी एकाच मापाच्या हव्यात.

"अकरावर दोन ठिपके पडलेत."

"संपादकांनी तुम्हालाच ठेवून घ्यायला हवं."

"चहा देतात का?"

"नुसत्या चुका देतात."

हसत हसत मी तेवीसवर आलो आणि बोट थांबलं. तीन आडनावं, आणि पुढे दोन शब्द. आणि इतर.

"तीच ती अवदसा," नात म्हणाली. "हिच्यापायी निबंध परत आलाय. त्यांना 'आणि इतर' चालत नाही. सगळी नावं द्या, नाहीतर संदर्भ काढा म्हणतात. आज पाचपर्यंत मुदत. तेवीस काढला तर माझा निबंधच कोसळतो, आजोबा. सगळी मोजमापं त्याच अहवालातली आहेत. दोन वर्षं घातलीत मी."

"मग गं?"

"अहवाल तुमच्याच प्रयोगशाळेचा आहे. मूळ प्रत तळघरात असेल. चला ना, तिथली कपाटं तुम्हाला पाठ आहेत."

मला तिथंच सांगता आलं असतं. ते इतर म्हणजे कोण, हे आता फक्त मलाच ठाऊक होतं. पण मी काही न बोलता चपला घातल्या. खरं सांगतो, अहवालाला वाळवी लागलेली असू दे, असंच वाटेभर मनात येत होतं.

तळघरात दिव्याची एकच नळी पेटत होती, तीही घुंघुं करत. लोखंडी कपाटांच्या रांगा, ओलसर भिंत, जुन्या कागदाचा कुबट वास. नात एकेक कप्पा उपसत पुढे गेली. मी मधल्या रांगेत उभा राहिलो. आणि त्या कुबट वासातून हळूच दुसरा वास आला. लवंगेच्या तेलाचा.

लवंगेच्या तेलाचं काम आमच्याकडे एकच बाई करायची. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे पातळ काप ती त्या तेलात भिजवायची, म्हणजे ते काचेसारखे आरपार दिसायचे. खिडकीपाशी बसायची म्हणून तिला सगळे खिडकीवाली ताई म्हणायचे. वयानं माझ्याहून लहान, पण मीही ताईच म्हणायचो. चार वर्षं तिनं ते काप केले. अहवाल टाइप व्हायचा होता तेव्हा तिची आई आजारी पडली. गावी जाता जाता तिनं मला एक चिठ्ठी दिली. "काका, एवढी टाइपिस्टला द्या. चौथं नाव माझं घालायचंय, साहेब हो म्हणालेत."

मी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा धुण्यात गेला. चिठ्ठीचा लगदा झाला.

टाइपिस्टनं विचारलं, "चौथं नाव यायचं होतं ना, कोणाचं रे?" नाव मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, चिठ्ठी दाखव. नोकरी कच्ची होती, घाबरलो. तोंडातून निघून गेलं, "साहेब म्हणाले, आणि इतर लिहा."

ते दोन शब्द माझे आहेत.

ताई परत आली. अहवालाच्या पहिल्या पानावर तिनं बोट फिरवलं, दोनदा. मग मला विचारलं, "काका, चिठ्ठी दिली होतीत ना?" मी म्हटलं, "दिली होती, ताई." तिला वाटलं, साहेबांनीच नाव खोडलं. भांडली नाही, विचारलंही नाही. महिनाअखेर राजीनामा ठेवून गेली. साहेब मरेपर्यंत म्हणत होते, या पोरीचं मी काय घोडं मारलं होतं? त्यांना चहा देताना मी ते ऐकत होतो. ताई तर वर्षभरातच वारली.

"सापडला!" नात ओरडली. ती अहवाल घेऊन नळीखाली आली. पहिलं पान, तेच. तीन नावं आणि इतर. तिनं सगळी पानं उलटली, मागचं पुढचं पाहिलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"संपलं. काढून टाकते तेवीस."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. लवंगेचा वास आता इतका दाट झाला की घशाला चरचरलं. आणि माझ्या खांद्याजवळून, अगदी हळू...

"काका... चिठ्ठी दिली होतीत ना?"

नातीनं मान वर केली. "आजोबा... काही म्हणालात?"

म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं.

मी मागे पाहिलं नाही. तसाच म्हणालो, "नाही ताई. नाही दिली."

"मी ताई कधीपासून?"

मग मी नातीशेजारी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सदरा, लगदा, टाइपिस्ट, साहेब. शेवटी ताईचं आडनाव आणि आद्याक्षर सांगितलं. एकतीस वर्षांनी ते नाव तोंडात आलं. नातीनं अहवाल मिटला.

"आणि मी विचारलं तेव्हाही गप्प बसलात. दुपारपासून."

"हो."

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. ते चौथं नाव टाकलं, स्वल्पविराम दिला, पावणेपाचला निबंध पाठवला. घरी येताना माझा हात मात्र धरला नाही. एरवी रस्ता ओलांडताना धरते.

निबंध स्वीकारला गेला. आठवड्यानं संपादकांचं पत्र आलं. नातीनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. मी कागद घेतला, बोट धरून वाचला. 'संदर्भ तेवीस: चौथ्या लेखिकांचा स्वतः फोन आला होता. नाव बरोबर असल्याचं त्यांनी कळवलं. काका हल्ली कुठे राहतात असं त्या विचारत होत्या. निबंधावरचा घरचा पत्ता आम्ही त्यांना दिला आहे.'

"कोणीतरी चेष्टा केली असेल," नात म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

तेव्हापासून दुपारी मी दार उघडं ठेवून समोर बसतो. ताई आली तर तिला ताटकळावं लागू नये. माफी मागायची तर तोंडावर मागायची, असं ठरवून बसलोय. वाट बघतो. कोणी येत नाही.

पण काल शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आजोबा, त्या बाई रोज दुपारी तुमच्या दाराशी तासभर उभ्या असतात. दार तर उघडंच असतं... तुम्ही समोर बसून त्यांच्याकडे बघत असता. मग आत या म्हणत का नाही?"